ज्यानं शिवलं, त्यानंच उसवायचं

आत्याची पिशवी सकाळपासून खाटेखाली भरून तयार होती, आणि आत्या सकाळपासून तोंड उघडत होती. पण तोंड उघडलं म्हणजे गोष्ट बाहेर येतेच असं थोडंच आहे! "वहिनी, ऐक ना," असं म्हणायची, वहिनी हातातलं काम टाकून वळायची, आणि आत्या विचारायची, "चहात साखर घातलीस का?" शेवटी वहिनीनं कपाळावर हात मारला. "घातली गं बाई, घातली! आज तुला साखरेचं एवढं काय पडलंय?"

सांगायचं होतं ते एवढंच, की मी चाललेय. कायमची. दुपार कलली की गल्लीच्या कोपऱ्यावर ताडपत्रीवालीचा टेंपो येणार, थोडा वेळ थांबणार, हॉर्न वाजवणार, आणि आत्या आली नाही तर निघून जाणार. ताडपत्रीवाली बाई रोखठोक होती. "मागं दोनदा तुम्ही 'पुढच्या खेपेला येते' म्हणालात. आता ही शेवटची खेप. नाही आलात तर मी दुसरी बाई बघून ठेवलीय, मग मला बोल लावू नका." तिच्या गावी तिचा ताडपत्र्या शिवायचा कारखाना होता. तिथं खिडकीपाशी आत्यासाठी एक मशीन होतं आणि वरच्या मजल्यावर एक खोली. खोलीला दार होतं, आणि दाराला आतून कडी होती.

कडीत एवढं काय, असं ज्याला वाटत असेल त्यानं आत्यासारखं आयुष्यभर बोळात झोपून बघावं. पुढची खोली आणि परस यांच्या मधल्या बोळात तिची खाट. पहाटे कुणी बादली घेऊन परसात निघालं, दुपारी कुणी पोत्यांची चवड घेऊन आलं, की तिच्या पायाशी थांबून म्हणायचं, "आत्या, पाय घे." आत्या पाय घ्यायची. लग्नाचं वय असताना बाप अंथरुणाला खिळला होता, त्याचं केलं. पुढं वहिनीचं बाळंतपण, पुतणीचं लहानपण, ते केलं. कुणी तिला कधी वाईट बोललं नाही, उणंदुणं काढलं नाही, जेवायला आधी तिचं पान मांडलं. हेच तर अवघड होतं. छळ असता तर माणूस ताडकन उठून गेलं असतं!

घरचा धंदा जुन्या पोत्यांचा. बाजारातून वापरलेली पोती यायची, झटकायची, उलटी करायची, भोकं शोधायची, ठिगळ लावायचं, आणि पुन्हा विकायची. आत्याच्या बापानं सुरू केलेला हा धंदा आता तिचा थोरला भाऊ चालवायचा. सगळी गल्ली त्याला दादा म्हणायची. "दादांचं पोतं म्हणजे एक दाणा गळायचा नाही," असं गिऱ्हाईक पुढच्या खोलीत म्हणायचं, दादा मिशीतल्या मिशीत हसायचा, आणि बोळातल्या खाटेवर बसलेली आत्या ते ऐकायची.

कारण खरी गोष्ट अशी, की दादाला दिसत नव्हतं. ठार आंधळा नव्हे. उजेड कळायचा, समोर माणूस उभा आहे हे कळायचं, कोण आहे ते आवाजावरून कळायचं. पण पोत्याचं भोक दिसत नव्हतं, आणि या धंद्यात भोक दिसत नसेल तर मग दिसायचं राहिलं काय? डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, साधं ऑपरेशन आहे. पण डोळ्याजवळ सुई आणणार हे ऐकलं, आणि दाभणावर आयुष्य काढलेला हा माणूस सुईला भ्यायला! घरी येऊन त्यानं एकट्या आत्याला सांगितलं, आणि वर शपथ घातली. "तुझ्या वहिनीला यातलं अक्षर कळलं तर माझं मेलेलं तोंड बघशील." आत्यानं मान डोलावली. झाकली मूठ झाकलेलीच बरी, तिलाही तेव्हा तसंच वाटलं.

तेव्हापासून सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती दादाच्या दाभणांत सुतळी ओवून आपल्या खाटेशेजारच्या फळीवर ठेवायची. दुपारी दादा आडवा झाला की त्यानं शिवलेली पोती पुन्हा उलटी करून राहिलेली भोकं गुपचूप बुजवायची. वर्ष असं गेलं, मग दुसरंही गेलं. इथं राहिलं तर जन्म बोळात जाणार होता, आणि गेलं तर आठ दिवसांत भावाची मूठ उघडी पडणार होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते याला.

अशात त्या दिवशी पुतणी माहेरी आली होती, आणि तिच्याबरोबर तिची दुसरीतली पोर, चिमणी. चिमणीनं घरात पाय ठेवला तोच बातमी घेऊन. "शाळेत पोत्यांची शर्यत आहे! मला सराव करायचाय! आजोबा, एक पोतं द्याल?"

"एक?" वहिनी हसून म्हणाली. "जा परसात. तुझी शाळा झाकून टाकशील एवढी आहेत."

दादा पुढच्या खोलीत होता. तो उठून आला, बोळाच्या दारात चौकटीला हात लावून उभा राहिला, आणि म्हणाला, "पोरीला एकटीला काय मजा येणार? चला, सगळेच खेळू."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. दादा हा काम टाकून खेळणाऱ्यातला माणूसच नव्हे. पुतणीच्या लहानपणी साधा चेंडू कधी हातात घेतला नव्हता त्यानं. "अगंबाई!" वहिनी म्हणाली. "आज सूर्य कुठून उगवलाय म्हणायचा?" पण म्हणता म्हणता तिनं ओले हात पदराला पुसले आणि खूशही झाली. आत्याला वाटलं, बरं झालं, सगळे खुशीत आहेत. शर्यत झाली की हसता हसता सांगून टाकू.

परसात पाण्याच्या टाकीपासून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत शर्यत ठरली. चिमणीनं पोत्यात पाय घातले, दोन्ही मुठींनी पोत्याचा काठ धरला आणि उडी मारून दाखवली.

"हे काय? हातात धरायचं?" दादानं विचारलं. "पडलीस तर हात कसे टेकशील? शिवून देतो थांब."

"पण शाळेत हातानंच धरतात, आजोबा!"

"शाळेतल्या लोकांना टाका येत नसेल, ते काय करणार बिचारे."

आता अख्ख्या जगात माणसं पोतं हातात धरून उड्या मारतात आणि धडपडतात. पण ज्या घरात तुटलेली चप्पल, फाटलेली छत्री आणि निसटणारी उशी, सगळ्यावर एकच औषध, टाका, त्या घरात कुणाला हे विचित्र वाटलं नाही. पोतं कमरेला, अंगातल्या कपड्याला टाचून टाकायचं, म्हणजे हात मोकळे. आत्यालासुद्धा ते बरोबरच वाटलं. तीही त्याच घरातली.

टाके दोन प्रकारचे. एक ओढटाका. त्याचं बरोबर टोक सापडलं आणि एक हिसका दिला की फर्रकन सगळी शिलाई उसवते, सुतळी अखंड हातात येते. चुकीचं टोक ओढलं तर मात्र घट्ट बसते. दुसरा गाठटाका. तो लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या मालाला घालायचा. त्यात टाक्याटाक्याला गाठ असते, आणि तो एकेक गाठ बघून सोडवावा लागतो. त्यावर बापानं घालून दिलेले नियमही दोन होते. शिवलेलं कापायचं नाही, कारण कापलेल्या सुतळीचे तुकडे कुणाच्या कामाचे? आणि ज्यानं शिवलं त्यानंच उसवायचं, कारण टोक कुठं ठेवलंय ते त्यालाच ठाऊक. सुतळी तोडायची छोटी सुरी म्हणून फक्त एकाच्या खिशात असायची. आधी बापाच्या, आता दादाच्या.

"आत्या, दाभण ओवून दे," दादा म्हणाला. आत्यानं सुतळीचं टोक जिभेवर ओलं केलं, पीळ दिला, आणि एकामागून एक दाभण ओवून त्याच्या तळहातावर ठेवले.

चिमणीला शिवलं, पुतणीला शिवलं. "मला नको हो, माझा आकार बघा!" असं लाजत लाजत वहिनीही शिवून घ्यायला उभी राहिली. दादाची बोटं कापडावरून भराभर चालायची. त्या कामाला त्याला डोळे लागत नव्हते. शेवटी आत्या. तिच्या पाठीशी तो गुडघ्यावर बसला, आणि बराच वेळ उठेना.

"किती वेळ लावतोयस, दादा?"

"नीट बसायला पाहिजे."

"दादा, मला एक सांगायचं होतं."

दाभण थांबला. मग पुन्हा चालू झाला. "शर्यत झाल्यावर सांग," दादा म्हणाला. त्याचा आवाज आत्याला जरा कोरडा वाटला, पण गुडघ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज आणखी कसा असणार?

शर्यत मात्र झकास झाली. चिमणी बेडकासारखी टुणटुणत निघाली. पुतणी दुसऱ्या उडीला आडवी झाली आणि तिथंच पडून हसत सुटली. वहिनी मधोमध थांबून "अगं धरा गं मला, धरा!" म्हणून ओरडत राहिली, आणि तिला धरायला कुणाचे पायच मोकळे नव्हते. आत्या हसली. कितीतरी दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसली. चिमणी पहिली आली, आत्या दुसरी.

मग उसवण्याचा कार्यक्रम. दादानं चिमणीच्या कमरेमागं हात घातला, टोक धरलं, हिसका दिला. फर्रर्र! चिमणी चेकाळली. पुतणीचं फर्रर्र, वहिनीचं फर्रर्र. आत्या पाठ करून उभी राहिली. दादाच्या वहाणांचा आवाज तिच्या मागून गेला, आणि बोळात शिरला.

"अहो, आत्याचं राहिलं!" वहिनीनं हाक मारली.

"जरा पडतो," आतून आवाज आला. "दमलो."

"बघितलंस? एवढ्यात दमले. थांब, मी ओढते." वहिनीनं मागचं टोक शोधून ओढलं. पोतं कमरेला घट्ट आवळलं. दुसरं टोक ओढलं, आणखी आवळलं. "अगंबाई, हे असं काय?"

आत्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. बोटांनी शिलाई चाचपली. एक गाठ, शेजारी दुसरी गाठ, शेजारी तिसरी. कमरेभोवती सगळीकडं गाठीच गाठी.

गाठटाका चुकून पडत नाही. चुकून माणसाचा पाय घसरतो, चुकून दूध उतू जातं. पण चुकून कुणी विहीर खणली असं ऐकलंय का?  दादाला कळलंय, आत्याच्या मनात आलं. हा आज काम टाकून खेळायला आला, कारण याला कळलंय.

आणि तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

"वहिनी, स्वयंपाकघरातली सुरी आण. काप हे."

"काप? शिवलेलं? डोकंबिकं फिरलं की काय तुझं? ते उठतील आणि उसवतील. एवढी घाई कसली?"

"मला जायचंय."

"अगं मग उड्या मारत जा ना मोरीत!" पुतणी म्हणाली, आणि तिघी मायलेकी पुन्हा हसायला लागल्या.

"मोरीत नाही. गावाला." आत्याचा आवाज चिरकला. "ताडपत्रीवालीकडं. तिच्या कारखान्यात. कायमची. तो हॉर्न वाजतोय ना, तो माझ्यासाठीच वाजतोय."

झालं. सकाळपासून अडकलेली गोष्ट अशी बाहेर पडली, अर्धं अंग पोत्यात असताना. पुतणीचं हसू ओठावरच राहिलं. वहिनी मागं सरकली आणि पोत्यांच्या चवडीवर मटकन बसली.

"आमचं काय चुकलं गं?" वहिनीनं विचारलं.

हाच प्रश्न. याच प्रश्नाला घाबरून आत्या साखरेची चौकशी करत होती. "काही नाही चुकलं," ती म्हणाली.

"मग?"

"मला दार हवंय."

"दार?" वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, एका शब्दानं बोलली असतीस तर सुताराला बोलावलं असतं!"

"बोळाला दार कसं लागणार, वहिनी? तुम्हां सगळ्यांना जायला वाट नको?"

 वहिनीनं डोळे पुसले, उठली, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि म्हणाली, "मी नाही सुरी देणार. रागाव हवं तर. जाणारीला मी माझ्या हातानं सोडू होय?" हे ती प्रेमानंच म्हणाली. आत्याला वाटलं, या घरातल्या प्रेमानं एक दिवस आपला श्वास कोंडणार. पोतं कमरेला काचत होतं, तागाची कुसळं पायांना टोचत होती, पोतं टाचलेला कपडाच काढून टाकावा तर भर दिवसा गल्लीत जायचं कसं? कोपऱ्यावर हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

आत्यानं बोळाच्या दिशेनं उडी मारली.

आपल्याच खाटेशी ती अडखळली, भिंतीला धरून सावरली, वाकून खाटेखालची पिशवी ओढायला गेली तर तोल जायला लागला. पिशवी राहू दे. एक उडी, दुसरी उडी, पुढची खोली. दादा बाकावर आडवा होता, डोळ्यांवर आडवा हात.

"दादा."

तो हलला नाही.

"दादा, झोपेचं सोंग मला ओळखू येत नाही होय? कसं कळलं तुला?"

तो हाताखालून बोलला. "सकाळी दाभण घ्यायला आलो. अंदाज चुकला, हात तुझ्या कपड्यांच्या खुंटीवर पडला. खुंटी रिकामी होती."

"मग विचारायचंस मला."

"तू सांगायचंस मला."

दोघंही खरंच बोलत होते, आणि दोघांनाही ते माहीत होतं. "उसव," आत्या म्हणाली.

"झोपलोय मी."

आत्याला इतका राग आला की तिच्या कानशिलांवर शीर उडायला लागली. लहानपणीही हा असाच. पतंग लपवायचा आणि डोळे मिटून पडायचा. "झोप मग," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावरून उडी मारली.

पायऱ्यांवर मात्र ती पडली. चांगली आपटली, कोपर सोललं, पोत्यात काहीतरी टर्रकन फाटलं. समोरच्या दुकानातला घड्याळजी डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून बाहेर आला. "अहो आत्या! हे काय नवीन?" आत्या उठली.  तिनं उडी मारली, मग आणखी एक. मागून चिमणी धावत आली आणि तिच्या शेजारी नाचत नाचत ओरडायला लागली, "आत्या पहिली! आत्या पहिली!" लोक दारांत आले. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, या वयात काय हौस! आत्याला घाम फुटला होता, छाती धपापत होती, डोळ्यांत पाणी होतं आणि सगळी गल्ली हसत होती. कोपरा जवळ येता येईना.

टेंपो निघायच्या बेतात होता. ताडपत्रीवालीनं आरशात बघितलं, ड्रायव्हरचा हात धरला, आणि खाली उतरली. "आत्याबाई? अहो, हे काय?"

"मी तयार आहे," आत्या टेंपोच्या फळीला धरून धापा टाकत म्हणाली. "सामान तेवढं घरी राहिलंय."

ताडपत्रीवालीनं तिच्याकडं वरून खाली बघितलं. "पाय दिसत नाहीत तुमचे. चढणार कशा? सोडा ते आधी. मला अंधाराच्या आत घाट उतरायचाय, फार थांबता यायचं नाही."

तेवढ्यात घरातून दादा बाहेर आला. त्याच्यामागं वहिनी, पुतणी. दादा भिंतीला हात लावून चालत होता. भिंत संपली की थांबायचा, पुढच्या भिंतीचा अंदाज घ्यायचा, मग निघायचा. लोकांना वाटलं, झोपेतून उठलाय. तो असा का चालतोय हे त्या गल्लीत एकट्या आत्याला कळत होतं.

तो तिच्यापाशी आला, तिच्या पाठीमागं गुडघ्यावर बसला. खिशातली सुरी काढून शेजारी ठेवली आणि बोटांनी गाठी शोधायला लागला. शिवताना भराभर चाललेली बोटं आता भांबावली. पडल्यामुळं पोतं फिरलं होतं, सुतळी ताणली गेली होती, गाठी घामानं आणि धुळीनं बसल्या होत्या. तो एक गाठ धरायचा, ती निसटायची. नखानं उचकायला जायचा, कापडच हातात यायचं.

"लवकर करा, काका," ड्रायव्हर म्हणाला.

"आत्या," दादा अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "टोक कुठंय?"

आत्याचा हात आपोआप मागं गेला. रोजची सवय. त्याचं मनगट धरायचं, बोट बरोबर जागी नेऊन ठेवायचं, आणि कुणी बघायच्या आत हात काढून घ्यायचा. तिची बोटं त्याच्या मनगटाला लागली. तोही थांबला, वाट बघत.

तिनं हात परत घेतला. दोन्ही हातांनी टेंपोची फळी घट्ट धरली आणि समोर बघत राहिली. आपण फार दुष्ट आहोत असं तिला वाटलं. पाठीशी गुडघ्यावर बसलेला भाऊ, भोवती सगळी गल्ली, आणि आपण साधा हात देत नाही. पण आज हात दिला तर उद्याही द्यावा लागणार होता, आणि परवाही.

घड्याळजी म्हणाला, "दादा, मी बघू का?"

"नको." दादानं मान खाली घातली. त्याच्या श्वासाचा आवाज आत्याला ऐकू येत होता. मग तो एकदम मोठ्यानं बोलला, गिऱ्हाइकाशी बोलायचा तसा खणखणीत. "मला दिसत नाही."

"काय?" वहिनी पुढं आली.

"मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. पोती आत्या बघते. दाभण आत्या ओवते. मी नुसता बसतो आणि लोकांची शाबासकी घेतो." त्यानं सुरी उचलून आवाजाच्या दिशेनं धरली. "तू काप. मी कापायला गेलो तर तिला लागेल."

 वहिनी एकदा नवऱ्याकडं बघायची, एकदा नणंदेकडं. "तुला माहीत होतं?" तिनं आत्याला विचारलं. आत्यानं मान डोलावली. "आणि मला नाही सांगितलं? एका घरात राहून?"  आत्याच्या तोंडाला शपथेचं कुलूप होतं, आणि ते आत्ता कुठं ज्यानं घातलं त्यानंच काढलं होतं.

"शिवलेलं कापायचं नाही ना?" वहिनी कशीबशी म्हणाली.

"काप म्हणतो ना मी!"

वहिनी वाकली. सुरीचं टोक कापडाखाली सरकवलं आणि एकेक टाका कापत गेली. कच, कच, कच. पोतं आत्याच्या पायांशी गळून पडलं. इतका वेळ उड्या मारून पाय असे आखडले होते की पहिलं पाऊलही तिनं उडी मारूनच टाकलं, आणि चिमणी खुदकन हसली.

पुतणी धावत जाऊन पिशवी घेऊन आली. ताडपत्रीवालीनं मागची फळी खाली पाडली आणि आत्याला हात देऊन वर घेतलं. दादा फळीला चाचपत चाचपत तिच्यापर्यंत आला.

"माझी मूठ उघडी पडेल म्हणून शिवलं मी तुला," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"रागावलीस?"

"हो. चांगली रागावलेय."

"बरं," दादा म्हणाला. "रागावूनच जा. रडायला लागलीस तर मी जाऊ द्यायचो नाही." आणि मग स्वतःच बाहीनं नाक पुसलं.

टेंपो सुरू झाला. आत्या मागं बसून बघत होती. वहिनीनं खाली पडलेलं पोतं उचललं, झटकलं, उलटं केलं. घरची सवय, दुसरं काय! उन्हाकडं धरून बघितलं, आणि थांबली.

"अहो, भोक पडलंय याला," ती म्हणाली.

"कुठं?" दादानं विचारलं.

वहिनीनं त्याचा हात हातात घेतला, त्याचं बोट धरून पोत्यावर नेलं, आणि बरोबर भोकात घातलं. "इथं," ती म्हणाली.